नाश्त्याला एक गोळी

मला ऑफिसजवळच्या, जगतपुऱ्यातल्या फ्लॅटवर राहायला जायचं होतं. मतलब दोन मैत्रिणींनी तो घेतलेलाच होता, तिसरी खोली माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. खातीपुऱ्यातल्या आमच्या घरून स्कूटरने ऑफिस गाठेपर्यंत माझा जीव सिग्नललाच जायचा. बाबा तयार होते. आईचा एकच प्रश्न, "तू तिथे खाणार काय?"

म्हटलं थांब, हिला गप्पच करते. आणि मल्टीव्हिटॅमिनची बाटली आणली! केशरी, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या. लेबलवरची सगळी नावं मी आईला एकेक करून वाचून दाखवली. वर विचारलं, "एवढं सगळं तुझ्या पालेभाजीत असतं का?" हो, हे मी बोलले. तिनेच वाढलेल्या ताटावर बसून.

आई शांतपणे म्हणाली, "घे गोळ्या. दोन महिन्यांनी रक्त तपासू. रिपोर्ट चांगला आला तर जा राहायला."

झालं! मी तर मनातल्या मनात बॅग भरली. सकाळी चहाबरोबर गोळी, झाला नाश्ता. पोहे कशाला? दुपारचा डबा शेजारच्या टेबलावर आणि मला कचोरी, कारण व्हिटॅमिन तर सकाळीच पोटात गेलेत ना! ऑफिसात दोघांना बाटल्या घ्यायलाही लावल्या. "यार, मेरी एनर्जी देख!" असं म्हणून मी लिफ्ट येईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहायचे.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिनपुढे खाली तोंड केलेला बाण. आईनेही हौसेने रक्त दिलं होतं, तिचं सगळं ठणठणीत. मी म्हटलं, नमुने बदलले असणार.

आई मला घेऊन थेट वरच्या मजल्यावर गेली. तिथे तिची मैत्रीण राहते, नागपूरची, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. काकूंनी रिपोर्ट बघितला.

"गोळी कशाबरोबर घेतेस गं?"

"चहाबरोबर."

"आणि नाश्ता?"

"तोच. मतलब... गोळी."

काकूंनी आईकडे बघितलं. आईने पंख्याकडे.

"अगं, या गोळीत लोह असलं तरी थोडंसंच. त्यात तू वरून चहा प्यायलीस, मग ते अंगी कसं लागणार? ज्याचं जेवण नीट आहे त्याला सहसा हिची गरज नसते. आणि तू तर जेवतच नाहीस!"

"जेवते की. बाहेरचं, थोडंफार." कचोरीचं नाव मी घेतलं नाही.

काकूंनी लोहाची वेगळी गोळी लिहून दिली, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. मी जिन्यातच रडायला लागले. गेला माझा फ्लॅट!

"रडतेस काय?" आई म्हणाली. "उद्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक तू करायचा."

पहिल्या दिवशी मेथी केली. धुवायची असते हे माहीत होतं, किती धुवायची ते नव्हतं. बाबा कचकच चावत "छान, छान" म्हणत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना अचानक बँकेत उशीर झाला. काल मटकीची उसळ केली. ती जमली! म्हणजे जवळजवळ. आईने दोनदा घेतली. मग कढई घासता घासता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या फ्लॅटवर फ्रिज आहे का गं?"