दारातून न निघालेलं शिल्प

विनू गेल्याचा फोन सुमनवहिनींनीच केला. “भाऊजी, हे गेले. जल्दी या,” एवढंच. मी पोहोचलो तेव्हा मिलच्या क्वार्टरमधल्या त्या एका खोलीतून चौघेजण शिल्पाला वळसा घालत त्याला बाहेर आणत होते. विनू दारातून निघाला, शिल्प आतच राहिलं... महिना उलटला, तरी डोळ्यांपुढून ते हलत नाही.

आम्ही इंदूरला चित्रकला बरोबरच शिकलो. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो, तो मिलमध्ये साड्यांचे काठ काढू लागला. मिल बंद पडली तेव्हा सूत कातायच्या लोखंडी चात्या भंगारात निघाल्या. त्या विनूने पोत्यांनी घरी आणल्या आणि खोलीतच वेल्डिंग सुरू केलं. माणूस नाही, पक्षी नाही, नुसता स्वतःत गुंतत वर चढणारा आकार. शेजारी विचारायचे, “भिया, ये है क्या?” “अभी बन रहा है,” हा म्हणायचा. दार मोजूनच सुरुवात केली होती पठ्ठ्याने! पण आकार मागत गेला आणि हा देत गेला.

दिल्लीच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा शिल्प दारातून निघेना. भिंत फोडावी, तर मिलचा खटला कोर्टात, विटेलाही हात लावायची बंदी. शिल्प तिथेच ठेवून दुसरीकडे राहावं, तर क्वार्टरवरचा हक्क जातो. “अरे, दोन तुकडे कर, तिकडे जोड!” मी वैतागून म्हणालो. “तुझा हात कापून जोडू का?” त्याने विचारलं. दिल्ली राहिली ती राहिलीच. पुढे विजय नगरच्या नव्या ऑफिसांत त्याची चित्रं लागली, थोडं नावही झालं. तो मात्र म्हणायचा, “कॅनव्हास गुंडाळला की निघतो रे. मी कसा निघू?” त्याच्या हट्टाचा मला राग यायचा, आणि त्या खोलीत माझाही जीव गुदमरायचा.

आता खटला मिटलाय, क्वार्टर पाडणार आहेत. भिंत पडली की शिल्प न्यायला दिल्लीची मंडळी तयार आहेत. परवा ही बातमी घेऊन मी मोठ्या हौसेने गेलो. वहिनी खाली बसून मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, मग शिल्पाच्या एका चातीला धरून हळूहळू उठल्या. बाकी लोखंड गंजलेलं, तेवढी एकच चाती हाताने घासून चकचकीत झालेली.

“नेऊ द्या, भाऊजी. यांनी जन्मभर तीच वाट बघितली,” त्या म्हणाल्या. हात अजून चातीवरच होता. “पण ही एक यांनी माझ्यासाठी जोडली होती, गुडघे धरले तेव्हा... आता मी काय धरून उठू?”