डावीकडचा पाटा

माझा भाऊ सहदेव राऊळ आयुष्यभर ट्रकांखाली उताणा पडून राहिला. जोगेश्वरीला हायवेच्या कडेला तो ज्या गॅरेजात कामाला होता, तिथे फक्त पाट्यांचं काम चाले. ट्रकच्या चाकापाशी एकाखाली एक रचलेल्या बाकदार लोखंडी पट्ट्या असतात, ते पाटे. चाक खड्ड्यात गेलं की ते दबतात, पुन्हा उठतात आणि वरचा माल शाबूत राहतो. दादा ते भट्टीत लाल करी, घणाने ठोकून त्यांचा गेलेला बाक परत आणी आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या धुतलेल्या चादरीवर ग्रीससकट बसे. मी पार्ल्याच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे मला ओरडायची सवय होती आणि त्याला ऐकून घ्यायची. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. आईवडील गेले होते. चाळीतल्या दीड खोलीत आमचं भांडत-तंडत बरं चाललं होतं.

चौऱ्याऐंशी साली या संसारात एक मोटार शिरली. ती शरच्चंद्र टिपणीसांची. टिपणीस पार्ल्यात माझ्या शाळेच्या मागच्या गल्लीत राहत आणि अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बायको गेल्यापासून माणूस जरा सैरभैर झाला होता. जुहूच्या एका बंगल्याच्या आवारात वर्षानुवर्षं पडून असलेली एक परदेशी स्पोर्ट्स कार त्यांनी उचलून आणली. दोनच सीटा, टप नाही, आणि आत मांजरीची दोन पिल्लं. मागच्या चाकांना पाटे आहेत म्हटल्यावर कुणीतरी त्यांना दादाकडे धाडलं. दादा गाडीभोवती एक फेरी मारून आला, खाली वाकला आणि म्हणाला, "अरे, ह्या तर पोरगं आसा ट्रकचा!" तिथून दोघांची जी गट्टी जमली ती जमली. पिल्लं आमच्या घरी आली, कारण मला कुणी विचारलंच नाही.

टिपणीसांना त्या गाडीतून रॅलीत उतरायचं होतं. दिवाळीनंतर एका क्लबाची रॅली निघे, घाट चढून वर जायचं आणि दुसऱ्या दिवशी उतरून यायचं. प्रत्येक गाडीत दोघं, एक चालवणारा आणि एक डावीकडे बसून कागदावरची वळणं वाचून सांगणारा. ती डावी सीट दादाला हवी होती. एखाद्या गोष्टीची त्याने अशी आस धरलेली मी तोवर पाहिली नव्हती. "जन्मभर पाटे केलंय गो नलू," तो मला म्हणाला, "पण माझ्या पाट्यार बसान मी खंय गेलंय? माल जाता, लोक जातत. मी खालीच." पुढे कित्येक दिवस तो भाजी निवडताना माझ्या कानाशी वळणं वाची. फुडे उजवीकडे, फुडे डावीकडे, फुडे खड्डो.

दर रविवारी गॅरेज बंद असे तेव्हा हे दोघं आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात गाडी घेऊन बसत. सगळा वाद एकाच गोष्टीचा, गाडी कडक ठेवायची की मऊ. मऊ ठेवली तर वळणावर एका बाजूला कलते. कडक ठेवली तर वळते झकास, पण खड्ड्यात चाक जमीन सोडतं, आणि हवेतल्या चाकाला वळवून काय उपयोग. दादाचा हात ट्रकवर बसलेला. त्याने पहिल्यांदा असे पाटे घातले की आरे कॉलनीच्या रस्त्यावर गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली आणि माझ्या डब्यातलं सोलकढीचं भांडं टिपणीसांच्या विजारीवर सांडलं. टिपणीस शांतपणे म्हणाले, "सहदेव, अरे आपण सिमेंटची पोती नेत नाही आहोत." मग त्यांच्या हिशोबाने एक एक पाटा पातळ केला, पुढच्या चाकांच्या गोल स्प्रिंगांच्या दोन जोड्या आलटून पालटून पाहिल्या आणि मऊ जोडी ठेवली. शॉकअप मात्र दादाने लावले. स्प्रिंग गाडीला उचलते आणि शॉकअप तिला गप्प करतो, असं तो सांगे. या गाडीच्या शॉकअपला फिरवायची घुंडी होती. दादा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडून देई. गाडी एकदा वर येऊन जागच्या जागी थांबली पाहिजे. दुसऱ्यांदा हलली की घुंडी एक टिक पुढे. वर येताना अडखळली की एक टिक मागे.

मला त्यांनी मोजमापाला लावलं होतं. दोघं गाडीत बसले की बाहेर उरणार मीच. मागच्या चाकाच्या आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये मी हात घालायचा. उजवीकडे माझी चार बोटं घट्ट बसली पाहिजेत आणि डावीकडेही चार. फूटपट्टी आणा म्हटलं तर दादा म्हणे, तुझी बोटं बरी, ती घरातच असतात. एखाद्या रविवारी दादा हाताशी नसला तर खोळंबा नको म्हणून त्यांनी आणखी एक शक्कल काढली. शेजारी लाकडाची वखार होती. तिथल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात दादाला बसवलं, दुसऱ्यात गोणपाटाचं पोतं ठेवलं आणि काटा सरळ होईपर्यंत त्यात रेती भरली. दादा नसला की ते पोतं डाव्या सीटवर बसे. मी त्याला धाकटा सहदेव म्हणे. हा भाऊ बरा, निदान चहा मागत नाही, असंही म्हणे.

उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत दोन्हीकडे चार बोटं नेमकी बसत होती. मग एका रविवारी डावीकडे माझा हात सैल गेला. उजवीकडे घट्टच होता. मी तसं सांगितलं. दादा खाली उतरला आणि पाट्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. मागे त्यानेच मला दहा वेळा सांगितलं होतं, "पाटो दमता, बसता. आपणहून वर कधी येना नाय." आणि इथे डावा पाटा वर आला होता. त्याने स्वतःलाच दोष दिला. आपण भट्टीत जास्त तापवला असेल, पाण्यात लवकर बुडवला असेल, कडक झाला असेल. टिपणीसांनी कागदावर बरंच काही मांडलं आणि त्यांनाही तेच वाटलं. शेवटी डावीकडचा सगळ्यात खालचा आखूड पाटा काढून टाकला. चार बोटं पुन्हा घट्ट बसली. आम्ही तिघांनी भजी खाल्ली. म्हणजे दादाने एक खाल्लं आणि बाकीची माझ्या ताटात सरकवली.

आता लिहितानाही संताप येतो. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि आम्ही तीन शहाणे लोखंडाला नावं ठेवत होतो! पोटात आग होते म्हणून तो थंड दूध पिई. भूक नाही म्हटलं की मी माझ्या स्वयंपाकाचा अपमान झाल्यासारखी फणकारे. अंगात कायम तो ढगळ निळा डगला, त्यात दोन सहदेव मावले असते. रोज दिसणाऱ्या माणसाकडे कोण निरखून बघतं?

पावसाळ्यातल्या एका उघडिपीच्या रविवारी गाडी पुन्हा बाहेर काढली. दादा म्हणाला, आज पोटात दुखतंय, तुम्ही पोतं बसवा, मी इथून बघतो. तो वखारीच्या पायरीवर बसला. टिपणीसांनी वखारीत कोरडं ठेवलेलं पोतं डाव्या सीटवर ठेवलं आणि स्वतः उजवीकडे बसले. मी हात घातला. उजवीकडे चार. डावीकडे तीनच बोटं गेली, चौथं शिरेना. मी पुन्हा पाहिलं. "डावी बाजू खाली बसली," मी म्हटलं. "तीनच जातात."

टिपणीस उतरले. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या दादाकडे. हिशोबी माणूस, त्यांच्या लक्षात माझ्याआधी आलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, गाडीचंच काहीतरी मोडलं. त्यांनी पोतं उचलून वखारीत नेलं आणि काट्याच्या पारड्यात ठेवलं. मग बाहेर येऊन दादाला म्हणाले, "सहदेव, जरा बसतोस का रे?"

दादा बसला. रेतीचं पारडं धप्पकन खाली गेलं आणि माझा भाऊ वर उचलला गेला. त्याचे पाय जमिनीपासून सुटले आणि लोंबकळत राहिले. सगळ्यांत आधी तोच बोलला. "म्हंजे पाटो बरोबर होतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क सुटका होती. आपल्या हातून काम बिघडलं नव्हतं, याची! मी त्याच्यावर ओरडले. उतर खाली, म्हटलं, उतर आधी. आणि तो उतरण्याआधीच मी रडायला लागले.

डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं आणि उशीर झाला असंही सांगितलं. शस्त्रक्रियेने काही साधणार नव्हतं. दादाने एकच विचारलं, दिवाळीनंतर दोन दिवस गाडीत बसता येईल का. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. घरी परतताना आम्ही रिक्षा केली. ती प्रत्येक खड्ड्यात आपटत होती, आणि दादा डोळे मिटून पुटपुटत होता, "शॉकअप गेलो हा हेचो."

त्यानंतरही तो दोन रविवार गाडीत बसला. टिपणीस त्याला हात देऊन बसवत. मी चाकापाशी हात घाली आणि मोठ्याने सांगे, चार. डावीकडे बोटं सैल असत, पाचवं असतं तर तेही गेलं असतं, तरी मी चारच सांगे. टिपणीस समोर बघत राहत. दुसऱ्या रविवारी दादा सीटवरूनच म्हणाला, "नलू, मास्तरीण असान खोटा बोलतंस? माका खालून कळता गो."

गणपती झाल्यावर त्याने मला खाली बोलावलं. भिंतीला धरून तो आधीच अंगणात पोचला होता. म्हणाला, "तू बस." मी म्हटलं, कुठे? त्याने डाव्या सीटकडे बोट केलं. मी चिडले. ती सीट तुझी आहे, म्हटलं, मला असली थेरं नकोत. टिपणीस म्हणाले, "बाई, बसा. त्याने ठरवलंय." मी दादाकडे पाहिलं. त्याच्याशी भांडण्यात आयुष्य गेलं होतं. मी पदर खोचला आणि बसले.

दादा चाकापाशी गुडघ्यांवर बसला आणि पहिल्यांदाच त्याने स्वतःचा हात आत घातला. त्याच्या बोटांच्या आता काड्या झाल्या होत्या, त्या मापाचा काही उपयोग नव्हता. हे त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने माझा हात ओढून घेतला, आणि मी सीटवरून वाकून, त्याच्या हाताखाली माझी बोटं मागच्या चाकापर्यंत कशीबशी पोचवली. चार. नेमकी घट्ट. "बघ," तो टिपणीसांना म्हणाला, "काढलेलो पाटो परत घालू नको. हलक्या माणसाक ह्योच बरो." मग त्याने कोपरा दाबून बघायचा प्रयत्न केला. गाडी हललीच नाही. टिपणीसांनी त्याच्या हातांवर आपले हात ठेवून दाबलं, सोडलं. दादा कान देऊन ऐकत होता. "दोन टिक मऊ कर," तो म्हणाला. "नलूची कंबर दुखता."

दसऱ्याच्या आधीच तो गेला.

मी रॅलीला गेले. लोकांनी नावं ठेवली, भाऊ जाऊन महिना दीड महिना होतोय आणि ही परक्या पुरुषाच्या मोटारीत बसून फिरते. ठेवू देत. मी कागद मांडीवर घेऊन वळणं वाचली. पुढे उजवीकडे, पुढे डावीकडे, पुढे खड्डा. घाटातला रस्ता पावसाने पार उखडला होता. पुढच्या गाड्या आदळत, आपटत होत्या, एकीचा तर पाटाच तुटून ती कडेला उभी होती. आमची गाडी प्रत्येक खड्ड्यात नुसती वाकली, एकदा वर आली आणि गप्प झाली. मला साधा धक्का म्हणून बसला नाही. टिपणीस गाडी चालवताना रडत होते आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून मी माझ्या पदराने पुसले.

मी मात्र वाट बघत होते. एखादा तरी दणका बसू दे, कंबरेत अशी कळ येऊ दे की मी ओरडेन, दादा, हे काय काम केलंस रे! घाट चढून झाला, दुसऱ्या दिवशी उतरून झाला. त्याने मला ओरडायला एकही जागा ठेवली नव्हती.