ग्रुपवरचा रुसवा

सासरच्या ग्रुपमधून मी बाहेर पडलो, तेव्हा निदान पाच-सहा जणांचे फोन येतील अशी माझी समजूत होती. थोरला जावई आहे मी, कुणी ऐरागैरा नाही.

झालं असं की, हैदराबादेत नामपल्लीला दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनात, म्हणजे नुमाइशीत, माझे सासरे बायकापोरांना शोधता शोधता स्वतःच हरवले होते, ती गोष्ट मी ग्रुपवर लिहायला घेतली. चार भाग झाले, तरी सासरे अजून तिकिटाच्या रांगेतच. मेहुण्याने लिहिलं, "भाऊजी, थोडक्यात आटपा. पोरांना मराठी वाचायला टाइम लागतो."

मी तडक बाहेर. मी गेल्याची एक फिकट ओळ उमटली आणि तिच्याखाली लगेच कुणीतरी लोणच्याचा फोटो टाकला.

"कायकू रुसता?" बायको म्हणाली. "तिथं तुमचं तोंड कुणाला दिसतंय?"

तिचं बरोबर होतं. रुसायचं तर समोर माणूस लागतं. दुकानांत नव्या नव्या कंपन्यांचे रंगीत टीव्ही यायला लागले, त्या सुमारास आमचं लग्न झालं. पंगतीत माझ्या ताटाभोवती रांगोळी काढायची राहिली म्हणून मी हात आखडून बसलो होतो. सासूबाई स्वतः रांगोळीचा डबा घेऊन आल्या, वाकून महिरप काढली, मगच मी घास घेतला. आता ते आठवलं की लाज वाटते. तेव्हा मात्र ऐट वाटली होती.

ग्रुप सोडून आठ दिवस झाले. मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. नवव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात सासूबाई. ऐंशीला टेकलेल्या; मलकपेठेहून हिमायतनगरपर्यंत एकट्या ऑटोने आलेल्या, आणि आमची लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढलेल्या. हातात शिऱ्याचा डबा.

"जावईबापू, बरं नाही का? पुढचा भाग आला नाही."

"आई, तुम्ही वाचत होतात?"

"रोज जेवण झालं की चष्मा लावून थोडं थोडं. घाईने वाचलं तर संपतं ना."

रुसल्याचं मला सांगवेना. ते बायकोने सांगितलं, तेही अगदी सविस्तर. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून फोन काढला. ग्रुप त्यांच्याच फोनवरून सुरू झालेला, त्यामुळे चावी त्यांच्याकडे. नातीने शिकवलेलं एकेक आठवत, एका बोटाने त्यांनी मला परत आत घेतलं. मग बराच वेळ टाइप करत राहिल्या. माझ्या फोनवर ओळ आली: "जावई आले आहेत. हळू वाचा, पण वाचा."

फोनने माणसं जोडली की तोडली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी त्यात पडत नाही. मला तीन जिने चढून आलेली वाचक आहे. मेहुण्याला विचारा, त्याला आहे का.

शिरा खाऊन मी सासऱ्यांना तिकिटाच्या रांगेतून पुढे काढलं.