उपासाला चालणारी चाय

“ही गोळी बंद करा, नाहीतर आईला आत्ता मुंबईला घेऊन जातो.” सुभाषने मोबाईल माझ्या टेबलावर आपटला.

त्याची आई, सुमतीकाकू, शेजारी बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. भाट्ये गावाजवळ त्यांचं नारळ-सुपारीचं आगर आहे. तिथेच घसरून मनगट मोडलं. हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराला आम्ही डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतो. त्यासाठी त्या दोन वर्षं आठवड्याला एक गोळी घेत होत्या. तरी हाड मोडलं, आणि नेटवर लिहिलंय की या गोळीने मोडलेलं हाड जुळत नाही, हे सुभाषचं म्हणणं. घराला लावायला नवं कुलूपही त्याने आणलं होतं.

“मी नाय येत,” काकू म्हणाल्या. “आगर टाकून चौथ्या माळ्यावर बसून करू काय?”

मी एक्स-रे लावला. मोडलेल्या जागची फट धूसर झाली होती, म्हणजे नवं हाड धरत होतं. सुभाषने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी मला बाहेर बोलावलं.

“मॅडम, कशाला वाद? गोळी थांबवा.”

“थांबवते. उद्या खुब्याचं हाड मोडलं, तर जबाबदारी तुम्ही घ्याल?”

सर आपल्या केबिनकडे वळले. माझं डोकं तापलं होतं. आत येऊन मी काकूंनाच विचारलं, “गोळी कधी घेता?”

“सोमवारी. उपास असतो ना गो माझा. तुम्ही लोकं सांगता तशी, रिकाम्या पोटी.”

“कशाबरोबर?”

“चायबरोबर. चाय चालते उपासाला.”

मी कपाळावर हात मारला. ही गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यायची असते. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दुधाच्या चहाबरोबर घेतली तर ती अंगाला लागतच नाही.

“म्हणजे दोन वर्षं फुकट?” सुभाष म्हणाला.

“जवळजवळ. आणि जे औषध हाडापर्यंत पोचलंच नाही, ते हाड जुळायच्या आड कसं येईल? पोचलं असतं तरी सहसा येत नाही. गोळी चालू राहील. काकू इथेच राहतील.”

“ऐकलंस मेल्या?” काकू म्हणाल्या. “घाल ते कुलूप पिशवीत.”

प्लास्टर निघालं. व्यायामाने मनगट मोकळं झालं. काकू आता सोमवारी पाण्याबरोबर गोळी घेतात आणि आगरात एक फेरी मारून मगच चहा टाकतात. कुलूप सुपारीच्या खोलीला लागलंय. किल्ली त्या उजव्या हाताने फिरवतात. मी स्वतः जाऊन बघितलंय.

मी मात्र आता कुठल्याच पेशंटला “काही खाल्लंत का?” असं विचारत नाही. “चहा झाला का?” एवढंच विचारते.