उपरण्याखालचा सौदा

शेअर बाजाराचा अभ्यास आमच्या दाजींइतका साऱ्या नगर जिल्ह्यात कोणी केला नसेल, आणि तो करून त्यांच्याइतकं कोरडं कोणी राहिलंही नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. नगरपासून तीन कोसांवर त्यांची शेती होती, पण खरा जीव जनावरांच्या बाजारात. कोणाचा बैल कोणाला द्यायचा, हे जमवून आणण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. लढाईच्या दिवसांत कापडबाजारातले दोन व्यापारी शेअरांवर लाल झाले, असं त्यांच्या कानावर आलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की नवशिक्याला समजेल असं एक चांगलं पुस्तक मिळालं, की खिलारी जोडी विकायची आणि शेअर घ्यायचे. ती जोडी वन्संनी वासरं असल्यापासून स्वतःच्या हाताने वाढवली होती. तेव्हापासून चांगलं पुस्तक या जगात नसावं, असा नवस त्या करू लागल्या.

दाजींना अक्षरओळख नव्हती आणि मी मराठी चौथी शिकलेली. त्यामुळे नगरला आले की ते पुस्तक घेऊन माझ्याच ओट्यावर बसत. वन्संनी मला एकदा हळूच सांगून पाहिलं, "वाचताना जरा खोट काढत जा गं." तशी गरज कधी पडली नाही. दाजी पुस्तक पारखत ते बैल पारखावा तसं. आधी हातात घेऊन वजन बघायचे, मग पाठीवरून हात फिरवायचे, मग उघडून दात मोजावेत तशी पानं चाळायचे. पुण्याहून व्ही.पी.च्या टपालाने आलेल्या पहिल्या पुस्तकात लेखकाचा फोटो होता, फेटा बांधलेला आणि कोटावर घड्याळाची साखळी सोडलेला. दाजी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, याला येवढं कळतंय तर हा पुस्तकं कशाला इकत बसलाय?" मला त्यात खोट काढता आली नाही. दुसऱ्या पुस्तकात एका पानावर लिहिलं होतं, की सगळे विकतात तेव्हा घ्यावं, आणि पुढच्याच पानावर, की पडत्या भावाला हात लावू नये. मी दोन्ही पानं मोठ्याने वाचली. ते म्हणाले, बैल बसतोही आणि उठतोही, एवढं मला पुस्तकाशिवाय कळतं. तिसरं इंग्रजी होतं. ते आमच्या आळीतल्या ख्रिस्ती मास्तरांनी चार रविवार त्यांच्या देवळातली प्रार्थना आटोपून आल्यावर समजावून सांगितलं. मास्तर भला माणूस, पण पुस्तकातलं प्रत्येक वाक्य त्यांनी "परंतु" वर आणून सोडलं, आणि दाजी दर वेळी चहा घेऊन उठून गेले. वर्तमानपत्रातले भाव तर त्यांना मुळीच पटत नसत. एक तर ते शिळे, आणि त्यातून उघडे छापलेले.

दाजींचं घोडं इथेच अडत होतं. जनावरांच्या बाजारात भाव बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात, आणि चार माणसं भोवती असूनही आकडा दोघांतच राहतो. बोटं पटली की सौदा झाला. पैसे चार दिवसांनी दिले तरी चालतात, पण दिलेला हात मागे घेता येत नाही. शेअरांचा खरा भावही असाच कुठेतरी उपरण्याखाली ठरत असणार, याबद्दल दाजींना शंका नव्हती. पुस्तकवाले तेवढंच दडवतात, असं त्यांचं म्हणणं.

अशात मुंबईचा एक दलाल नगरला येऊन एका खाणावळीच्या माडीवर नवशिक्यांसाठी फुकट वर्ग घेऊ लागला. दाजींनी वन्संना आणि मलाही नेलं. वकील, दुकानदार, पेन्शनर पुढे बसले होते. दलालाने फळ्यावर खडूने डोंगर काढला आणि त्या डोंगरावर चढायचं कसं, ते सांगितलं. उतरण्याबद्दल बोलला नाही. शेवटी एका नव्या काचकारखान्याचे शेअर काढले आणि लोक सह्या करायला उठले. दाजीही उठले. त्यांनी दलालाचा हात धरला, त्यावर आपलं उपरणं टाकलं आणि बोटं दाबायला लागले. दलाल बिचारा गांगरला. खेड्यातली काही रीत असेल असं समजून हसला, त्यानेही बोटं दाबली आणि म्हणाला, "हो हो, अगदी बरोबर."

दाजी परत आले ते उजळलेल्या तोंडाने. "पन्नास शेअर. सौदा झाला वैनी. पैसं दिवाळीनंतर. मानूस जानकार हाय, हात मागं घेतला न्हाई त्यानं."

मी वन्संना सांगून पाहिलं, की सही नाही, पैसा नाही, हा सौदा कसला? त्या म्हणाल्या, "त्यांनी हात दिलाय गं." आणि बैलांना जास्तीची पेंड घालू लागल्या.

दिवाळीपर्यंत काचकारखान्याचा भाव निम्म्याच्या खाली आला. वकीलसाहेब फिरायला जायचे बंद झाले. दलाल मात्र पुन्हा आला, आता बिस्किटांच्या कंपनीचा वर्ग घेऊन. त्याच दिवशी दाजी शिंगं रंगवलेली जोडी घेऊन बाजाराला निघाले, तोट्यातल्या शेअरांचे पूर्ण पैसे द्यायला. वाटेत माझ्या दारात थांबले, मागून वन्सं पदराने डोळे पुसत आलेल्या. मी दाजींना म्हटलं, बैल विकायच्या आधी त्या माणसाला निदान विचारा तरी. बैल खाली बांधले आणि आम्ही माडी चढलो.

दाजी म्हणाले, "सायेब, पन्नास शेअरचं पैसं आज सांजच्याला आनून देतो."

"तुमचे कसले शेअर?" दलाल म्हणाला. "सही कुठे केलीत तुम्ही? वाचलात की हो."

"हात दिलावता की तुमाला. उपरन्याखाली."

दलालाला आठवलं, आणि तो खो खो हसला. मग सगळी माडी हसली. ज्यांचं जास्त बुडालं होतं, ते जास्त हसले. वन्सं जिना उतरून कधी खाली गेल्या, कळलं नाही. बघितलं तर बैलाच्या मानेवर डोकं टेकून उभ्या होत्या.

दाजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. बैल सोडले आणि वेशीपर्यंत हाकत आणले. मग म्हणाले, "वैनी, इतकी पुस्तकं वाचलीत तुमी. तिकडं हाताला किंमत नसती, येवढं येकातबी लिवलं नव्हतं का हो?"

नव्हतं. नवशिक्यांच्या पुस्तकात पहिल्या पानावर हवं होतं ते.

त्यानंतर त्यांनी पुस्तक आणलं नाही. इंग्रजी पुस्तक वन्संच्या डगमगत्या फडताळाखाली गेलं आणि तिथे त्याचा चांगला उपयोग झाला. जोडी गोठ्यातच म्हातारी झाली. दाजींच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांची वाचा गेली होती. त्यांनी घोंगडीखालून माझा हात धरला आणि बोटं दाबायला लागले, आधी दोन, मग एक, मग सगळी. ती भाषा मला कोणी शिकवली नव्हती. मीही त्यांची बोटं दाबली. दाजींनी समाधानाने मान हलवली. काय भावाने काय घेतलं मी त्या दिवशी, ते मला अजून माहीत नाही. पण हात मागे घेतला नाही.