जर्मनीला निघालेला

सौदीतल्या हुफूफच्या आमच्या कंपनीच्या कॅम्पमधल्या दवाखान्यात राजापूरकडचा एक नर्स होता. मी रोज सकाळी बीपी तपासायला जायचो. दंडाला पट्टा गुंडाळताना तो पुटपुटायचा, "हाबेन झी गुट गेश्लाफेन?" म्हणजे, झोप नीट लागली का? जर्मनीत म्हातारे फार झालेत, सांभाळायला तरुण उरले नाहीत, म्हणून तो तिकडे निघाला होता.

घरातला पहिला पदवीधर मी, चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "बायकोमुलांना नेता येतं तिकडे. शाळासुद्धा फुकट."

"लग्न कुठं झालंय, साहेब? आईला नेता येईल म्हणून भाषा शिकलो. आता कळतंय, तिच्या वयाला विमा मिळत नाही आणि विम्याशिवाय व्हिसा नाही." पट्टा सोडवत तो हसला. "म्हाताऱ्या त्यांच्याकडे पुष्कळ आहेत ना!"

"मग तिच्याजवळ कोण?" मी स्पष्टच विचारलं.

"वाडीत सगळ्या तिच्याच वयाच्या. एकमेकींना बघतात."

तो जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. आईचा फोन स्पीकरवर टाकून तो तिला पाठ केलेली वाक्यं म्हणून दाखवत होता. औषध घेतलं का, कुठे दुखतं, खिडकी उघडू का. सगळं जर्मनमध्ये, पण हळूहळू, तिला नीट ऐकू यावं म्हणून. ती प्रत्येक वाक्याला "होय रे बाबा, होय" म्हणत होती.

शेवटी ती म्हणाली, "आता आपल्या भाषेत सांग, कधी येतोस?"

त्यानं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली.