चांदणीचा शब्द

समई शांत केली की वातीचा जळका वास येतो, आणि मी २०१४ च्या हिवाळ्यात, जर्मनीतल्या गार्चिंगच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते.

बाबा पुण्यात वारले तेव्हा मला आठवा महिना होता. विमानप्रवास बंद. त्यांच्या फोटोपुढे दिवा लावून मी तेरा दिवस काढले, आणि वरची पांढरी भिंत काळवंडली. घरमालकीण फ्राऊ यानिना भेटायला आली तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. ती मूळची पोलिश, आयुष्यभर स्लाव भाषा शिकवलेली. तिनं काजळीवरून बोट फिरवलं.

"आम्ही हिला साद्झा म्हणतो. रशियन लोक साझा. या दोन्ही शब्दांची आई साद्या. मूळ अर्थ, जे बसतं ते."

"आमच्याकडेही काजळी बसतेच," मी म्हणाले.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तिनं एका पाकिटावर 'साद्या' लिहिलं आणि त्या शब्दाच्या आधी एक चांदणी काढली. "चांदणी म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही. लेकींवरून आईचा अंदाज बांधलाय."

मी पाकीट बाजूला ठेवलं. शब्दांच्या गप्पा ऐकायचं त्राण नव्हतं.

बाबांचा शेवटचा शब्द मीही ऐकलेला नाही. उशाशी बसलेली आई म्हणते, त्यांनी 'पाणी' मागितलं. दारात उभा असलेला दादा म्हणतो, ते 'वाणी' म्हणाले. वाणी माझं नाव.

आई जास्त जवळ होती, हे मला कळतं. तरी मी 'वाणी'च धरते, आणि आधी एक चांदणी काढते.